सुपाएवढे कान

श्री निवांतनाथ महाराज फिरत फिरत कळकेवाडीला आले, तेव्हा श्रावण सरत आला होता. डोंगराच्या कुशीतले हे गाव. वरच्या अंगाला गणपतीचे दगडी देऊळ, देवळाखाली तळे, तळ्याला मातीचा जुना बांध, आणि त्या बांधाच्या पायथ्याशी बुरूडआळीची तीस घरे. मंडळी, एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे अडचण पडणार नाही. पाणी वर आणि माणसे खाली.

महाराजांनी देवळाच्या ओवरीत पथारी टाकली. कोणी विचारले, "महाराज, मुक्काम किती दिवस?" तर म्हणाले, "हा झाडू झिजेपर्यंत." आणि खरोखरच रोज पहाटे उठून ते अंगण झाडू लागले. प्रवचन नाही, अंगारा नाही, भविष्य सांगणे नाही. गावाची जरा निराशाच झाली. साधू म्हटला की त्याने काहीतरी करून दाखवले पाहिजे, असे आपल्या लोकांना वाटते. त्याला काय इलाज!

बुरूडआळीत भिवा नावाचा एक बुरूड राहत असे. बायको जाऊन चार वर्षे झालेली. घरात तो आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्याची लेक गोदा. भिवा सुपे विणायचा. पंचक्रोशीत त्याच्या सुपाला तोड नव्हती. त्याची एक खोड होती. सूप विणून झाले की ते कानाशी धरायचे आणि मागून टिचकी मारायची. आवाज घट्ट आला तर सूप गिऱ्हाइकाला द्यायचे, जरा जरी पोकळ आला तरी उसवून पुन्हा विणायचे. गिऱ्हाईक दारात खोळंबले तरी त्याची टिचकी काही चुकायची नाही. आळीतले लोक थट्टेने म्हणत, "भिवा डोळ्यांनी बघत नाही, कानांनी बघतो."

दरवर्षी भाद्रपदी चतुर्थीला भिवा देवाला दोन नवी सुपे वाहत असे. देवळात पाय ठेवण्याची बुरडांना मुभा नव्हती. तो पायरीखालीच उभा राहायचा, सुपे खालच्या पायरीवर ठेवायचा, जमिनीला डोके टेकायचा आणि घरी जायचा. पुजारी ती सुपे उचलून कोठीत टाकी. वर्षभर त्यांत देवाचेच तांदूळ पाखडले जात.

त्या वर्षी भिवा सुपे घेऊन आला, तेव्हा दारातच हैबतराव पाटील उभे होते. हैबतरावांबद्दल आधी एक सांगून टाकतो. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात स्वतःची पेवे उघडून त्यांनी अख्खे गाव जगवले होते. पण त्या दिवसापासून गावात आपल्यावाचून कोणाला काही कळते, हे त्यांना पटेनासे झाले. समोरचा तोंड उघडतो न उघडतो तोच पाटील उत्तर देऊन मोकळे! त्यांना काही सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भिवाच्या हातातली सुपे पाहून पाटील मोठ्याने हसले. "अरे, लोक नारळ आणतात, दूर्वा आणतात, मोदक आणतात. आणि तू सूप? उत्सवाच्या पहिल्याच दिवशी उत्सवाचं सूप वाजवायला आलास होय रे?"

भोवतालचे लोक खो खो हसले. भिवाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "पाटील, वर्सं झाली आणतोय. देवाचे कान सुपावानी हायती म्हणत्यात. म्हून आणतो."

"देवाला कान आहेत त्याचे त्याला! तुझे कशाला?"

अंगण झाडणारे महाराज थांबले. झाडू भिंतीला टेकवून ते पायरीपाशी आले आणि त्यांनी दोन्ही सुपे उचलली. एक कानाशी धरून टिचकी मारली, मान डोलावली. मग गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला, अगदी कानांलगत, ती सुपे स्वतःच्या हातांनी बांधली. पुजारी बघतच राहिला.

महाराज म्हणाले, "पाटील, या भिवबानं देवाला बरोबर ओळखलंय. सुपात सगळंच पडतं, दाणाही आणि कोंडाही. सूप कोणाला नको म्हणत नाही. पण पाखडून झालं की दाणा तेवढा ठेवतं. देवानं कान एवढे मोठे का घेतले असतील? आणि तोंड बघा, सोंडेआड झाकून ठेवलंय."

"वा, वा!" पाटील म्हणाले. ऐकले किती, देव जाणे. कारण पुढच्याच श्वासाला ते नव्या होडीविषयी बोलू लागले.

होडीची गोष्ट अशी. उत्सवाच्या पाचव्या दिवशी देवाची पालखी होडीत ठेवून तळ्यातून फिरवायची, असे त्या वर्षी पाटलांनी ठरवले होते. त्यासाठी सागवानी होडी मुद्दाम बनवून घेतली. बारा गावांना आवतणे गेली. होडी घाटाच्या पायऱ्यांना लागायची तर तळे काठोकाठ हवे. म्हणून पाटलांनी जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्यावर मातीची भर टाकली आणि बांधातल्या मोरीचा, म्हणजे खाली पाणी सोडायच्या तोंडाचा, लाकडी दट्ट्या घट्ट ठोकून बसवला. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली हातभर राहिले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. कळकेवाडीत रीत होती की उत्सवाच्या दिवसांत उंदीर मारायचा नाही, कारण ते देवाचे वाहन. रीत चांगलीच, पण पाटलांनी तिला शेपूट जोडले. बांधावर घुशींची बिळे होती, तिथे गावाने रोज मूठ मूठ तांदूळ टाकावेत, असा त्यांनी श्रावण लागताच हुकूम काढला. दरवर्षी श्रावणातच ही बिळे खणून, चिखल-दगड ठासून बुजवत असत. त्या वर्षी ती बुजवली नाहीत. उलट त्यांना नैवेद्य! घुशींना काय, सुगीच लागली. आजूबाजूच्या रानातल्या घुशीसुद्धा पाहुण्या आल्या.

चतुर्थीच्याच संध्याकाळी गोदा बाळंत झाली. मुलगा झाला. पण पोर अडली होती, दोन प्रहर तिचे हाल झाले आणि सुटका झाल्यावर तिच्यात उठून बसायचेही बळ उरले नाही. सुईण भिवाला म्हणाली, "बाळ ठणठणीत आहे. पोरीला मात्र बारा दिवस पाय जमिनीला लावू देऊ नको." भिवाने नातवाला रीतीप्रमाणे सुपात ठेवले आणि तो कितीतरी वेळ नुसता बघत बसला. बायको हवी होती, असे त्याला फार वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या कडेचा कळक, म्हणजे सुपांचा बांबू, तोडायला भिवा गेला. तोडता तोडता पायाखाली माती ओलसर लागली. वरून पाऊस नव्हता. त्याने कोयता ठेवला, बांधावर पालथा झोपला आणि मातीला कान लावला. सवयीने टिचकीही मारली. आत काहीतरी झिरपत होते. बांध पोकळ झाला होता.

तो तडक घाटावर गेला. पाटील होडीला रंग लावून घेत होते. भिवा चार हात लांब थांबला आणि म्हणाला, "पाटील, बांध आतून पोखरलाय. मोरीचा दट्ट्या काढा, पाणी उतरू द्या. न्हाईतर..."

"न्हाईतर काय? माझ्या आज्यानं बांधलाय हा बांध!"

"मातीला कान लावला जी. आवाज पोकळ येतो."

"अरे, ते सूप नव्हे, बांध आहे! बारा गावांना बोलावलंय मी. आता पाणी उतरवून देवाची होडी चिखलात घालू?"

भिवाने हात जोडले. "बरं, पाणी ऱ्हाऊ द्या. आमच्या आळीला दोन दिस देवळाजवळच्या धर्मशाळेत जागा द्या. माझी लेक बाळंतीण हाय. तिला उठवत न्हाई. उद्या काय झालं तर तिला पळता येणार न्हाई, पाटील."

"धर्मशाळा पाहुण्यांना दिली आहे. आणि बाळंतिणीचा विटाळ देवाच्या दारात? काही रीतभात आहे की नाही?" पाटलांनी पाठ फिरवली आणि रंगाऱ्याला हाक मारली.

भिवा देवळाच्या पायरीपाशी आला. महाराज झाडतच होते. भिवाने सगळे सांगितले आणि सांगता सांगता त्याला रडू कोसळले. "महाराज, मी अडाणी माणूस. माझं कोण ऐकणार?"

"खात्री आहे ना, भिवबा?"

"सूप खोटं बोलत न्हाई, महाराज. मातीबी न्हाई."

"मग देवाला सांगून ठेव. त्याचे कान मोठे आहेत. आणि नुसतं सांगून बसू नको. बाळंतिणीची बाज चौघांना उचलता येईल अशी बांधून ठेव. म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोण उचलणार, हे आळीत आत्ताच ठरवून टाक."

मग महाराज स्वतः पाटलांकडे गेले. म्हणाले, "पाटील, देव उंदरावर बसतो. उंदीर देवाच्या डोक्यावर बसत नाही. वाहन म्हणजे ज्याचा लगाम आपल्या हाती. तुम्ही तर त्याला बांध खायला दिलात."

पाटील नम्रपणे हसले. "महाराज, आपण देवाचं बघा. तळ्याचं मी बघतो."

"बरं," महाराज म्हणाले आणि परत येऊन त्यांनी झाडू हातात घेतला.

पाचवा दिवस उजाडला. बारा गावांची माणसे लोटली. ढोल, ताशे, लेझीम, एकच गर्दी. दुपारची आरती झाली. बाहेर पालखी सजून तयार होती. आता एकच विधी उरला होता. कळकेवाडीत पालखी हलण्यापूर्वी मानकऱ्याने गाभाऱ्यात जाऊन देवाच्या कानात "देवा, चला" असे सांगायची रीत होती. तो मान पाटलांच्या घराण्याचा. पाटील भरजरी पागोटे सावरत मूर्तीपाशी गेले. दारातून सारा गाव पाहत होता. भिवा पायरीखाली उभा होता. मागे घरी बाज बांधलेली होती, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता.

पाटील कानाशी वाकले, तोच महाराज म्हणाले, "पाटील, तुमच्या किती पिढ्या देवाच्या कानात बोलल्या?"

"सात!" पाटील अभिमानाने म्हणाले.

"मग आज एकदा बोलू नका. कान लावा आणि ऐका."

लोकांत हसू पसरले. पाटलांनाही हसू आले. भरल्या देवळात साधूचा शब्द मोडणे बरे दिसले नसते. "ऐकतो की!" म्हणत त्यांनी मूर्तीच्या उजव्या अंगाच्या सुपाला कान टेकवला आणि भिवाकडे बघून डोळे मिचकावले. "काय रे भिवा, टिचकी पण मारू?"

आणि मारली.

भिवा त्यांच्या तोंडाकडेच पाहत होता. पाटलांचे हसू आधी ओठांवर थांबले, मग गेले. चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी कान काढला नाही. बाहेर ताशा वाजत होता, पण त्यांना तो ऐकू येत नसावा. पुढे त्यांनीच सांगितले ते असे. सुपातून आधी घुशींच्या दातांची करकर आली. मग माती ढासळल्याचा आवाज, मग पाण्याची घळघळ. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक तान्हे मूल रडत होते आणि एक बाई "बाबा, बाबा" म्हणून हाक मारत होती. ती हाक पाटलांनी ओळखली नाही. भिवाची लेक त्यांनी कधी डोळे भरून पाहिलीच नव्हती.

"ताशे बंद करा!" पाटील ओरडले. "बंद करा म्हणतो ना! बांध चाललाय! बुरूडआळी रिकामी करा!"

ते धावत सुटले, तेव्हा दोरी तुटून ते सूप त्यांच्या हातातच राहिले होते. पागोटे गाभाऱ्यात पडले, कोणी उचलले नाही. बांधावर येऊन लोकांनी खाली पाहिले, तर आळीच्या बाजूला बांधाला माठाच्या तोंडाएवढे भोक पडले होते आणि गढूळ पाणी उसळून बाहेर येत होते. बायकांनी हंबरडा फोडला. पाटलांनी सूप काठावर टाकले, अंगरख्यासकट तळ्यात उडी घातली आणि मोरीचा दट्ट्या दोन्ही हातांनी हिसडून काढला. "सांडवा फोडा!" ते पाण्यातून ओरडले. पाहुण्यांनी, मानकऱ्यांनी, ज्याच्या हाती जे आले त्याने, सांडव्यावरची माती उपसली.

पण मंडळी, भोक पडलेला मातीचा बांध कधी थांबतो का? तो घटकाभरही उभा राहत नाही. आणि तरी त्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. उसळणारे पाणी एकाएकी मंदावले. धार करंगळीएवढी झाली. कोणी आतून तळहात लावून धरावा, तसे ते भोक धरून ठेवले गेले. का, कसे, हे विचारायला कोणाला उसंत नव्हती. ठरल्याप्रमाणे आळीतली माणसे म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, शेळ्या हाकत देवळाकडे चढू लागली.

भिवा घरात शिरला. चौघांनी बाज उचलली. गोदा ओरडली, "बाबा, बाळ!" बाळ कोपऱ्यातल्या फडक्यात रडत होते. भिवाचे दोन्ही हात बाजेला गुंतले होते. तेवढ्यात दारातून कोणीतरी वाकून आत आले. भिजलेले, चिखलाने माखलेले, बोडके. हैबतराव पाटील! ज्या घरावरून जाताना ते उपरणे नाकाला लावत, त्या घरात. त्यांनी बाळ उचलले, काठावरून परत उचलून आणलेल्या सुपात ठेवले, सूप डोक्यावर घेतले आणि म्हणाले, "चल भिवा, तू पुढं हो. मी तुझ्या मागं आहे."

बाज देवळाच्या पायऱ्या चढली. पाटील शेवटच्या पायरीवर पोचले. त्यांच्या मागे आळीत कोणी म्हणता कोणी उरले नव्हते. आणि मग बांध फुटला! दहा-बारा हातांचा तुकडा एकदम गेला. अर्धेअधिक पाणी मोरीतून आणि सांडव्यावरून आधीच उतरले होते, तरी सात झोपड्या वाहून गेल्या आणि नव्या होडीच्या फळ्या पार ओढ्यापर्यंत सापडल्या. माणूस मात्र एकही गेला नाही, शेळीसुद्धा नाही.

लोक भानावर आले तेव्हा गाभाऱ्यातून पुजाऱ्याची हाक आली. सगळे आत गेले. सकाळी गंध-उटी लावलेली मूर्ती पायांपासून कानांपर्यंत ओल्या मातीने माखली होती. बांधाचीच ती तांबूस, चिकट माती! सोंडेवरून गढूळ पाणी ठिबकत होते. डाव्या अंगाचे सूप पाण्याच्या जोराने दबावे तसे आत वाकले होते. महाराजांनी ते सोडवून गाभाऱ्याच्या दाराबाहेर उभ्या भिवाच्या हातात दिले. भिवाने कानाशी धरले आणि टिचकी मारली. आवाज घट्ट होता.

पाटील पुढे आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज एक पाऊल बाजूला झाले. "इथं नाही, पाटील. ज्यानं आधी ऐकलं, तो तिथं उभा आहे."

भिवा घाबरून मागे सरला. "न्हाई, न्हाई, असं करू नका जी..."

पण पाटील त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. सात पिढ्यांचा मान असलेला माणूस, डोक्यावर पागोटे नाही, दाढीतून चिखल ओघळतोय. त्यांनी खरोखर डोके जमिनीला टेकले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "भिवा, परवा घाटावर तू काहीतरी सांगत होतास. मी अर्ध्यातच तोडलं. आता पुरतं सांग. मी ऐकतो."

भिवा म्हणाला, "माझी लेक बाळंतीण हाय, पाटील. तिला जागा पायजे."

पाटील उठले. चौघांबरोबर त्यांनी बाजेला स्वतःचा खांदा दिला आणि गोदाला धर्मशाळेत नव्हे, आपल्या घरी नेले. तिची पाचवी पाटलीणबाईंनी आपल्या घरात पुजली. बुरूडआळी पुढे वरच्या माळावर वसली. बांध नव्याने घातला, त्याला श्रावणात दगड ठासायची रीत पुन्हा सुरू झाली. उंदरांचा तांदूळ बंद झाला. पायरीखाली उभे राहणेही संपले, कारण पुढच्या चतुर्थीला पाटलांनी भिवाचा हात धरून त्याला गाभाऱ्यात नेले आणि सुपे त्याच्याच हातांनी बांधवली.

महाराज दुसऱ्या दिवशी निघाले. भिवाने विचारले, "महाराज, झाडू झिजला?" महाराज हसले. "नाही रे. पण आता तो पाटलांना हवा आहे." आणि खरेच, भिवाने मागे वळून पाहिले तो हैबतराव अंगणातला चिखल झाडत होते.

कळकेवाडीत आजही पालखी हलण्यापूर्वी मानकरी देवाच्या कानाशी वाकतो. पण तो काही बोलत नाही. सुपाला कान लावतो, डोळे मिटतो आणि सारे गाव थांबते. त्याने ऐकून झाले म्हणून मान हलवली, की मगच ताशा वाजतो. तुम्हा-आम्हालाही तेवढे थांबता येवो, एवढेच गजाननाच्या चरणी मागणे.